लाल दोऱ्याची पट्टी

मी जळकुकडी आहे, हे आधीच सांगून टाकते. शेजारणीकडे नवा कुकर आला तरी माझ्या पोटात दुखतं, आणि दुखलं की ते तोंडावर दिसतं. पण इथे सांगतेय ते कुकरएवढं साधं नाही. मी एका वाद्यावर जळले होते. चार तारांचं, तान्ह्या पोराएवढं, युकुलेले नावाचं. ऐंशीच्या दशकात, संपानं गिरण्या बसल्या त्यानंतरच्या वर्षांत, ते आमच्याच घाटकोपरच्या खोलीमागच्या पडवीत तयार झालं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

आमचे हे साकीनाक्याला ओतकामाच्या एका कारखान्यात फर्मे करायचे. म्हणजे यंत्राचा जो भाग पितळेत ओतायचा, तो आधी लाकडात हुबेहूब घडवायचा. मग तो वाळूत दाबून साचा करतात आणि त्यात वितळलेलं पितळ ओततात. ह्यांचा हात इतका बसलेला की सगळे नुसतं मिस्त्री म्हणायचे. एकदा मोजायचे, पेन्सिलीनं खूण करायचे, कापायचे. दुसऱ्यांदा मोजणारा मिस्त्री कच्चा, असं त्यांचं म्हणणं. ती मिजास त्यांना शोभायची. कधीमधी फर्मे घरी आणून करायचे, त्यासाठी पडवीवर पत्रा टाकून त्यांनी आपलं छोटं वर्कशॉप केलं होतं. एक जुनं टेबल, भिंतीला ओळीनं लावलेल्या पटाश्या, दोन रंधे, आणि बसायला रॉकेलचा पालथा डबा.

त्या वर्कशॉपातून माझ्या वाट्याला नऊ वर्षांत काय आलं, तर भुसा. ओट्याच्या वर मसाल्याच्या डब्यांसाठी मला एक मांडणी हवी होती. साधी, तीन फळ्यांची. डबे जमिनीवर, मोरीच्या शेजारी ठेवलेले असायचे आणि हळदीला ओल लागायची. "अहो, मांडणीचं बघा ना," म्हटलं की "करतो गं ह्या रविवारी," हे उत्तर ठरलेलं. ते रविवार मोजायचे मी पुढे सोडून दिले.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मात्र ह्यांनी मला त्या पडवीत हाक मारून नेलं होतं. टेबलावर दोन पोलादी पट्ट्या, दोन-दोन फुटी, दिसायला जुळ्या. त्यांनी त्या शेजारी-शेजारी ठेवल्या, एक टोक जुळवलं आणि म्हणाले, "आता दुसरं टोक बघ." जुळत नव्हतं. एक पट्टी करंगळीच्या नखाएवढी पुढे गेली होती, आणि तिचेही इंच चोवीसच.

"ही वाढीव पट्टी," ते म्हणाले. "पितळ थंड होताना आवळतं. म्हणून फर्मा आधीच जरासा मोठा करायचा. ते वाढवणं ह्या पट्टीतच आहे, डोक्यात धरायला नको. ही पट्टी खोटं बोलते गं, पण भल्यासाठी."

असं काही मला कोणी कधी दाखवलं नव्हतं. मी विचारलं, "मग घाईत कुठली कुठली ते कळणार कसं?" पट्टीवरची खूण घासून गेली होती. ते म्हणाले, नजरेनं कळतं. मी म्हटलं, नजरेचं काय सांगावं, आणि आत जाऊन शिवणाच्या डब्यातला लाल दोरा आणला. दोन्ही पट्ट्यांच्या टोकाला भोक होतं, वाढीवच्या भोकात ओवून दोन गाठी मारल्या. लाल दोरा म्हणजे खोटी. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे दोन दिवस जो घरी येईल त्याला दाखवत होते. आम्ही दोघांनी मिळून केलेली ती पहिली गोष्ट.

आता त्या बाईचं सांगते. कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करायची, वांद्र्याच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणात राहायची. एका रविवारी ती उशीच्या अभ्र्यात काहीतरी घालून आमच्याकडे आली. अभ्रा उलटा केला तर टेबलावर नुसत्या चिपा पडल्या, आणि एक शाबूत मान, पडद्यांसकट. तिचे वडील पूर्वी बोटीवरच्या बँडमध्ये वाजवायचे. म्हातारपणी पडले, खुबा मोडला, तेव्हापासून अंथरुणावर. गिटार छातीवर पेलत नाही, म्हणून हे छोटं वाद्य तेवढं जवळ असायचं. त्यावर माळ्यावरची ट्रंक पडली. "दुकानात असलं मिळत नाही," ती म्हणाली. "मिस्त्री, तुमच्याच्यानं होईल का?"

ती देखणी असती तर बरं झालं असतं. जळायला सोपं गेलं असतं. पण ती माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, डोळ्यांवर जाड भिंगं, केसांत पांढरं, पायांत सपाट चपला. वर बोलायची अगदी आपल्यासारखं मराठी, नुसता हेल वेगळा. म्हणजे भांडायला भाषेचीही आडकाठी नाही. आणि एक खोड होती तिला. ती प्रश्न विचारायची. हे लाकूड कुठलं? फणसाचंच का? हे वाकवणार कसं? तडकलं तर? ह्यांच्या तोंडाकडे मी बघत होते. नऊ वर्षांत मी न पाहिलेलं तोंड होतं ते. नाही, खोटं कशाला बोलू, एकदा पाहिलेलं. पट्ट्या दाखवल्या त्या दिवशी.

मग काय, सगळे रविवार त्या युकुलेलेचे. ज्या माणसाला नऊ वर्षांत तीन फळ्या रंधायला वेळ नव्हता, तो फणसाच्या पातळ पट्ट्या घासत बसायचा, उजेडाकडे धरून बघायचा, परत घासायचा. बाजूच्या पट्ट्या वाकवायला लोखंडी पाइप तापवावा लागतो. तो कुठे तापवला, तर माझ्या स्टोव्हवर. माझं कालवण खाली उतरवून. पट्ट्या भिजत घातल्या माझ्या कपड्यांच्या बादलीत. चिकटवायला सरस शिजवला, त्याचा असा वास सुटला की सासूबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "देवनारचा कत्तलखाना घरात हाडलंस रे!" आणि चिकटवलेल्या कडा दाबून ठेवायला ह्यांनी दोरीवरचे माझे सगळे चिमटे काढून नेले. चांगले चाळीस चिमटे. माझी साडी उडून गटारात गेली, आणि मागे बघते तर ते वाद्य चिमटे लावून नटून बसलेलं.

सासूबाईंनी एकदा मला विचारलं, "गो, तुझो घोव मागे काय करता?"

मी सांगितलं, हापिसातल्या बाईसाठी वाद्य करतायत.

त्या जरा वेळ सुपारी चघळत बसल्या. मग म्हणाल्या, "आणि तुझी मांडणी कधी करतलो?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सासूला दिसत होतं ते नवऱ्याला दिसत नव्हतं. मी काय त्यांच्यावर वाईट संशय घेत होते? देवाशप्पथ, नाही. तसलं काही नव्हतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. मला हवं होतं ते एवढंच, की त्या हातांनी एकदा माझ्यासाठी तसं घासावं, उजेडाकडे धरावं, परत घासावं. ते दुसरीला मिळत होतं आणि मी त्यासाठी माझा स्टोव्ह रिकामा करून देत होते.

पोटाला मान बसवून झाल्यावर ती बाई परत आली, नायलॉनच्या तारा घेऊन. मी चहा घेऊन पडवीच्या दारात पोचले आणि ह्यांचा आवाज ऐकला. "ही पट्टी खोटं बोलते, पण भल्यासाठी." तेच वाक्य. तसंच शेवटी थोडं हसून. बाईपण हसली आणि म्हणाली, "आणि हा लाल दोरा?"

"खूण आहे ती. चूक होऊ नये म्हणून."

मी थांबले. कोणी बांधला ते सांगतील म्हणून थांबले, हातात दोन कप घेऊन. ते बोललेच नाहीत, भुसा फुंकत राहिले. मी मागच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि दोन्ही कप मोरीत ओतले. सासूबाई बघत होत्या. बाईला चहा न पाजता पाठवलं, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात जेवताना हे सासूबाईंना सांगत होते की आता फक्त घोडी राहिली. घोडी म्हणजे वाद्याच्या पोटावरचा तो छोटा तुकडा, जिथे तारा टेकतात. मानेच्या वरच्या टोकापासून बरोब्बर साडेतेरा इंचांवर ती बसायला हवी. "तिथे तांदळाच्या दाण्याएवढं चुकलं तरी सूर गेला," ते म्हणाले. आणि मी त्यांच्या ताटात भात वाढत होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, हे कामावर, सासूबाई कलंडलेल्या, मी पडवीत गेले. लाल दोऱ्याच्या दोन गाठी सोडल्या. दोरा चांगल्या पट्टीला ओवला. दोन गाठी मारल्या. कुकरची एक शिट्टी होईपर्यंत सगळं झालं होतं.  बरं वाटलं, खोटं का सांगू. मला वाटलं, ती वाजवून बघेल, बेसूर लागेल, ती तोंड वाकडं करेल. मग हे जरा भुईवर येतील. मग माझ्याकडे बघतील.

शनिवारी त्यांना अर्ध्या दिवसाची सुटी असायची. येऊन हातपाय धुऊन ते मागे बसले. मी दारात तांदूळ निवडत होते, मुद्दाम. त्यांनी हात लांब करून एक पट्टी घेतली, तिच्या टोकाला लाल दोरा दिसला, ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. आकड्यांकडे एकदा बघितलं, पेन्सिलीची खूण केली. माझ्या तोंडात "थांबा" आलं होतं. आतून आलं आणि दातांशी अडलं. त्यांनी सरस लावला, घोडी बसवली आणि माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "झालं गं बाई एकदाचं. आता तुझी मांडणी."

सोमवारी मी दोरा परत होता तसा बांधला. पण घोडी बसली होती.

पुढच्या रविवारी बाईनं आम्हा दोघांना वांद्र्याला जेवायला बोलावलं. मला जायचं नव्हतं. पण घरी थांबले तर ह्यांना एकट्याला तिथे पाठवल्यासारखं होईल, म्हणून गेले. चांगली साडी नेसून गेले, तेही सांगते. गावठाणातलं बैठं घर, पुढे दोन पायऱ्या. हे वडिलांच्या खाटेजवळ बसले आणि बाई मला आत घेऊन गेली, कोशिंबिरीचे कांदे चिरायला. मी कांदे चिरत होते, तर ती म्हणाली, "तो लाल दोरा तुम्ही बांधला ना?"

माझी सुरी थांबली.

"त्या दिवशी निघताना मिस्त्रींनी सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही चहा आणला नाही ना, तर म्हणाले, कामात असेल. मग म्हणाले, लग्न नवीन होतं तेव्हा हिनं बांधला, तेव्हापासून माझा एक फर्मा चुकला नाही. आता ऑफिसातसुद्धा तेच सांगत असतात. आम्हाला पाठ झालंय."

मी कांद्याच्या नावावर डोळे पुसले. मी दोन मिनिटं आणखी दारात उभी राहिले असते तर मीही ते ऐकलं असतं. तो चहा मी मोरीत ओतत होते तेव्हा ते बाहेर माझं कौतुक करत होते. तेव्हासुद्धा, तिथे त्या स्वयंपाकघरात, पहिला विचार माझ्या डोक्यात काय यावा? की हे तिला सांगितलं, ऑफिसाला सांगितलं, मला का नाही सांगितलं कधी.

मग वडिलांनी वाद्य घेतलं. पाठीला दोन उशा, अंगात इस्त्रीचा सदरा, आमच्यासाठीच घातलेला. तारा लावायला त्यांनी बराच वेळ घेतला. मग मानेच्या टोकापाशी चार-दोन सूर छेडले आणि त्यांचं तोंड असं उजळलं की बाईनं खाटेचा कठडा घट्ट धरला. "आवाज काय गोड आहे मिस्त्री," ते म्हणाले. ह्यांनी मान खाली घातली. लाजले की ते तसंच करायचे.

मग बोटं वरच्या सुरांकडे, वाद्याच्या पोटाच्या बाजूला सरकली, आणि सरकता-सरकता सूर उतरायला लागला. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण ते मलाही कळलं. आंबलेल्या ताकासारखं काहीतरी. म्हाताऱ्यांनी परत तिथेच बोट ठेवलं. परत. कपाळाला आठी पडली. मग ते खालच्या सुरांवर आले आणि तिथल्या तिथेच काहीतरी छोटंसं वाजवून थांबले.

"वर काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही बाबा," ते म्हणाले. "कान म्हातारे झालेत माझे."

"पप्पा, परत वाजवा ना," बाई म्हणाली.

"नको," म्हणून त्यांनी तारांवर पंजा ठेवला.

खाटेच्या एका बाजूला म्हातारा आपल्या कानांना दोष देत होता. दुसऱ्या बाजूला माझा नवरा आपल्या हातांकडे बघत होता. दोघांचंही काही चुकलेलं नव्हतं. खोलीत एकटीला मलाच ते माहीत होतं, आणि मी जेवले. बोंबलाचं कालवण होतं, दोनदा वाढून घेतलं, कारण नको म्हणायलासुद्धा तोंड उघडावं लागलं असतं.

ह्यांनी वाद्य अभ्र्यात घालून परत आणलं.  घरी आल्याबरोबर सदरासुद्धा न काढता मागे गेले आणि मोजलं. साडेतेरा, आणि वर तांदळाचा दाणा. मग वाढीव पट्टी लावली. बरोब्बर साडेतेरा. ते कितीतरी वेळ त्या दोन पट्ट्यांकडे बघत बसले.

"दोरा बघितला होता मी," ते म्हणाले. "बघूनच ठेवली होती ती बाजूला."

मी दारात उभी होते.

"लाल दोरा वाढीव पट्टीलाच ना गं?"

"हो," मी म्हटलं. "मीच बांधला होता ना."

त्यांनी मान हलवली. "मग मीच बघितला नसेल," ते म्हणाले. "वाट लागली डोळ्यांची."

आयुष्यात मी कितीतरी वेळा खोटं बोलले असेन, पण हे बोलताना एक अक्षरही खोटं नव्हतं. दोरा त्याच पट्टीला होता आणि तो मीच बांधला होता. म्हणून तर ते अजून निघत नाही मनातून.

युकुलेले दुरुस्त झालं. सरस गरम पाण्याच्या फडक्यानं सुटतो. माझ्याच स्टोव्हवर पाणी तापवून ह्यांनी घोडी सोडवली आणि दाण्याएवढी पुढे सरकवून बसवली. तिच्या मागे फिकी रेघ राहिली, ती घासूनही गेली नाही. बाईनं पुढे निरोप आणला की पप्पांचे कान परत तरुण झाले, दिवसभर वाजवतात. ह्यांनी "बरं झालं" म्हटलं आणि विषय संपवला. बाई नंतर काही आमच्याकडे आली नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं. मला जे हवं होतं ते सगळं झालं.

पण एकदा मोजणारा माणूस तीनदा मोजायला लागला. कारखान्यात खूण करायचे, खोडायचे, परत करायचे. कोणी हाक मारली की दचकायचे. डोळे तपासून घेतले, तर डॉक्टर म्हणाले नजर उत्तम आहे. त्यानं तर ते जास्तच खचले. डोळे चांगले, मग चुकलं काय? हे ते मला विचारायचे. मी म्हणायचे, होतं कधीकधी माणसाच्या हातून.

दिवाळीच्या आधी त्यांनी माझी मांडणी करायला घेतली. कोणी आठवण करून दिली नव्हती. चांगलं सागवान आणलं, पडवीत बसून रंधलं, उजेडाकडे धरून बघितलं, परत रंधलं. अगदी मी नऊ वर्षं मनात बघितलं होतं तसं. मी समोर डब्यावर बसले होते, आणि मला त्या वांद्र्याच्या बाईचा पूर्वी कधी वाटला नव्हता एवढा हेवा वाटला. तिच्या वाट्याला माझा मिस्त्री आला होता. माझ्या वाट्याला हा आला, हातात पेन्सिल घेऊन खूण करायला घाबरणारा.

त्यांनी फळीवर पट्टी ठेवली, वाकून बघितलं, सरळ झाले, परत वाकले. मग पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"तूच बघ गं किती आहे ते," ते म्हणाले. "माझा भरवसा नाही. तुझा आहे."

मी बघितलं. सांगितलं. खूण केली. माझ्या खुणेवर त्यांनी करवत लावली.

मांडणी अजून आहे. तेव्हापासून घरातलं काहीही मोजायचं झालं की ते मला हाक मारतात, मी जाते, आणि आकडा सांगण्याआधी दरवेळी दोरा बघते. ते बघत नाहीत. मी सांगेन तिथे कापतात.